घरफोडी आणि स्वसंरक्षणाचा अधिकार : कायदा कुठवर साथ देतो?

बेंगळुरू : रात्री घराचे कुलूप तोडून कोणी आत शिरल्यास रहिवाशाने किती बळ वापरावे, याचे कायदेशीर उत्तर बेंगळुरूत आणि पुण्यात एकच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ याच विषयाची आहेत.

कलम ४१ नुसार जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या काळातील घरफोडी किंवा राहत्या घराची जाळपोळ रोखताना प्रसंगी समोरच्याचा प्राण गेला, तरी तो गुन्हा ठरत नाही. साध्या चोरीत मात्र मृत्यूची वा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असावी लागते. खरी मेख ‘घरफोडी’ या शब्दात आहे. भिंत चढून किंवा लावलेले दार उघडून येणे ही घरफोडी. सताड उघड्या दारातून येणे हे केवळ गृह-अतिक्रमण. अनेकांना हा फरक ठाऊकच नसतो.

शिवाय कलम ३७ ची मर्यादा आहे. ११२ क्रमांकावरून पोलिसांना बोलावण्यास सवड असेल, तर हा अधिकार उरत नाही. बचावाच्या गरजेहून अधिक इजाही करता येत नाही. पकडून बांधून ठेवलेल्या चोराला मारणे हा गुन्हाच.

न्यायालये त्या क्षणाची भीतीही लक्षात घेतात. कटनी येथील १९५० च्या दंगलीत जमाव दार बडवीत असताना गोळ्या झाडणाऱ्या रहिवाशाला सर्वोच्च न्यायालयाने ‘अमजद खान’ खटल्यात १९५२ मध्ये निर्दोष ठरविले. स्वसंरक्षण दाखवून देण्याचा भार मात्र आरोपीवरच असतो.