अर्बुदविषाणू आणि पेशीचे नियामक
इ. स. १९६० मध्ये स्वीट व हिलमन यांना पोलिओच्या लशीसाठी वापरल्या जाणाऱ्या माकडांच्या मूत्रपिंड-पेशींत एस. व्ही. ४० हा डी. एन. ए. विषाणू आढळला. १९६२ मध्ये तो नवजात हॅमस्टरमध्ये अर्बुदे निर्माण करतो, असे दिसून आले. मोजकीच जनुके असलेला विषाणू पेशीला अनिर्बंध विभाजनास कसा प्रवृत्त करतो, हा प्रश्न त्यातून उद्भवला.

१९७९ मध्ये या विषाणूच्या टी-प्रतिजनाशी संलग्न असे पी ५३ हे पेशीचेच प्रथिन सापडले. ते अर्बुदास साहाय्यक असावे, हा समज जवळजवळ दहा वर्षे टिकला. कारण प्रयोगांत वापरलेली त्याची जनुके विकृत होती. मूळ जनुक अर्बुदाचा प्रतिरोधच करते, हे १९८९ मध्ये स्पष्ट झाले. तत्पूर्वी, १९८८ मध्ये, अ‍ॅडेनोविषाणूचे ई१ए प्रथिन पेशीतील आर. बी. या प्रथिनास बांधून ठेवते, असे आढळले होते. आर. बी. एरवी ई२एफ या घटकास आवरून धरते. तो मुक्त होताच डी. एन. ए.च्या प्रतिकृतीस आवश्यक जनुके कार्यान्वित होतात.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत होणारे पॅपिलोमा विषाणूही याच दोन प्रथिनांना निष्प्रभ करतात. विषाणूच्या अभ्यासातून अशा रीतीने निरोगी पेशीच्याच नियामकांचा परिचय झाला.