मुक्ताचा निबंध वर्गात वाचू द्या

मैत्रिणींनो, पेशवाई म्हटलं की आमच्या निरवांगीच्या पोरांना शनिवारवाडा आठवतो. त्याच पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत मुक्ताबाई साळवे शिकली. मातंग समाजाची, वय १४. तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'त छापून आला.

तिनं लिहिलं, बाजीरावाच्या राज्यात मांग-महार तालीमखान्यापुढून गेला तर त्याचं मुंडकं उडवून मैदानात चेंडू करत. इमारतीच्या पायात तेल-शेंदूर पाजून माणसं पुरत. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसे. थंडीपावसात तिचे काय हाल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. महारही मांगांना खालचं मानतात, हेसुद्धा तिनं लपवलं नाही.

काहीजणी म्हणतात, "हे पोरांना कशाला? वर्गात तेढ येईल." आम्हाला पटत नाही. जात पोरांना घरी, पाणवठ्यावर कळतेच. ती कुठून आली एवढंच शाळेत कळत नाही. आणि हे सांगणारी त्यांच्याच वयाची पोरगी आहे. आजच्या कुणा पोराला दोषी धरायचं नाही, हे मात्र गुरुजींनी आधी सांगावं.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं निम्म्या बायका असतात. पुढच्या बैठकीत विचारा, हा निबंध कधी वाचणार?