समीक्षकांनी नापास केलेली तबकडी

टीकाकारांनी नाटकाला झोडपावे आणि तिकीटखिडकीवर ‘हाऊसफुल्ल’चा फलक झळकावा, हे आपल्याला नवे नाही. पाश्चात्त्य रॉक संगीतातला असाच एक तंटा मला फार बोलका वाटतो.

‘रोलिंग स्टोन’ हे नियतकालिक १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोत निघाले. तरुणांच्या संगीताची गंभीर समीक्षा तिथे होऊ लागली. मार्च १९६९ मध्ये त्यात ‘लेड झेपलिन’ या नव्या ब्रिटिश बँडच्या पहिल्या तबकडीचे परीक्षण आले. जॉन मेंडेलसन यांनी गिटारवादक जिमी पेजची गीतरचना दुबळी ठरवली. जेफ बेकच्या बँडने हे सारे आधीच करून दाखवले आहे, असेही सुनावले. त्याच वर्षाच्या अखेरीस लेड झेपलिनची दुसरी तबकडी अमेरिकेतल्या खपाच्या यादीत पहिली आली!

असे का व्हावे? माझ्या मते, समीक्षकांनी जुने ब्लूज भरपूर ऐकले होते. कुठली चीज कुणाच्या घरची, हे त्यांना ठाऊक होते. सोळा वर्षांच्या पोराला त्या वंशावळीशी काय देणेघेणे? त्याला तो दणका थेट छातीत जाणवत होता.

बँडनेही मग हट्टाला पेटून १९७१ च्या चौथ्या तबकडीच्या वेष्टनावर स्वतःचे नावच छापले नाही. अमेरिकेत तिचा खप दोन कोटींच्या पुढे गेला. (पुढच्याच वर्षी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांनी मुंबईत इथल्या वादकांना घेऊन दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडले.)

२००३ साली ‘रोलिंग स्टोन’ने पाचशे सर्वोत्तम तबकड्यांची यादी केली. त्यात ती नापास झालेली पहिली तबकडी एकोणतिसावी होती. त्याच यादीत तेराव्या स्थानी होती ‘वेल्व्हेट अंडरग्राउंड’ची १९६७ ची तबकडी. निघाली तेव्हा ती खपाच्या यादीत १७१ च्या वर सरकली नव्हती. म्हणजे ग्राहकांचेही कान कधी उशिरा उघडतात.

समीक्षक सपशेल हरले, असेही मी म्हणणार नाही. लेड झेपलिनच्या ‘होल लोटा लव्ह’वर शिकागोचे ब्लूज गीतकार विली डिक्सन यांनी १९८५ साली दावा लावला. आपलेच शब्द उचलले, ही त्यांची तक्रार. १९८७ मध्ये तडजोड झाली आणि तोवर लाखो घरांत वाजलेल्या त्या गाण्याच्या श्रेयनामावलीत डिक्सन यांचे नाव आले.