भिजत घोंगडं, आणि त्याच्या आधीची लोकर

"त्याचं भिजत घोंगडं पडलंय" असं आपण तहसीलमधल्या फाइलीबद्दल रोज म्हणतो. पण घोंगडं भिजलं की काय होतं हे आता किती जणांना माहीत आहे? लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून तर पावसात गुराखी त्याची खोळ करून डोक्यावर घ्यायचा. पण एकदा का पूर्ण भिजलं, की उचलवत नाही न् दोन-दोन दिवस वाळत नाही. म्हण राहिली, वस्तू गेली.

आपल्या पारशिवनी-रामटेक भागात दिवाळीनंतर मेंढरांचे कळप दिसतात. शेतात मेंढरं बसवायला शेतकरी आनंदाने तयार असतो, कारण लेंडीखत फुकट मिळतं. पण त्याच मेंढरांची लोकर कातरल्यावर बांधावर पडून राहते. कातरायची मजुरी जास्त, लोकरीचा भाव कमी. मेंढपाळ तरी काय करणार बाप्पा?

१९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा ग्रंथ आला. त्यात धनगरांची ओळख 'मेंढपाळ आणि घोंगड्या विणणारे' अशी आहे. मध्य प्रांत-वऱ्हाडात त्यांची संख्या सुमारे ९६ हजार, आणि वस्तीच्या मुख्य जिल्ह्यांत नागपूरचं नाव पहिलं. म्हणजे हा धंदा फक्त सांगली-सोलापूरचा नव्हता, आपलाही होता. पण 'विणणारे' या एका शब्दात खरं काम झाकून जातं. विणणं दोन-तीन दिवसांचं. त्याच्या आधीचं काम कितीतरी पट, आणि ते बहुतेक घरच्या बायांचं अन् म्हाताऱ्यांचं.

ते काम कसं चालायचं, ते सांगतो. कातरणीच्या आधी मेंढरं नदी-नाल्यात उतरवून धुवायची, म्हणजे माती अंगावरच निघते. मेरिनो लोकरीत तेलकट मेण भरपूर, धुतल्यावर तिचं वजन निम्म्यापर्यंत उतरतं. आपल्या दख्खनी मेंढीत ते कमी, त्यामुळे नदीचं पाणी पुरायचं. मग कात्रीने कातरणी, वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. एका मेंढीची वर्षाची लोकर जेमतेम अर्धा-पाऊण किलो. एका घोंगडीला दोन-तीन किलो लागते, म्हणजे चार-पाच मेंढ्यांचं वर्ष एका घोंगडीत जातं.

त्यानंतर निवड. काळी वेगळी, पांढरी वेगळी, करडी वेगळी. रंग द्यायचाच नसतो, मेंढीचा रंग तोच घोंगडीचा. कोकराची पहिली लोकर, जिला जावळ म्हणतात, ती सगळ्यात मऊ, ती बाजूला. मग कुसळं, गोखरू, काटे एकेक करून बोटांनी काढायचे आणि गुंते सोडवत लोकर मोकळी करायची. इथे आळस केला तर पुढे सूत जागोजागी तुटतं.

मग पिंजण. युरोपात दोन हातांत दोन काटेरी फळ्या घेऊन लोकर विंचरायचे. आपल्याकडे धनुकली. ताणलेली तात लोकरीच्या ढिगात धरायची, लाकडी ठोकळ्याने ठोकायची. तात थरथरली की तंतू उडून सुटे होतात, धूळ खाली गळते. तंतू ओढून तुटत नाहीत, हा मोठा फायदा, कारण आपली लोकर आधीच आखूड आणि राठ. पिंजलेल्या लोकरीचे पेळू करायचे, तेव्हा कुठे चरखा. ताण्याच्या सुताला पुढे चिंचोक्याची खळ.

हे सगळं मोडलं कशाने? कानपूरची लाल इमली गिरणी १८७६ची. आपल्या नागपुरात १ जानेवारी १८७७ला एम्प्रेस मिल सुरू झाली, पण ती कापसाची. कापसाला गिरणी मिळाली, पुढे वर्ध्यातून खादीचं राजकारणही मिळालं. काळ्या लोकरीला दोन्ही नाही. बारीक सुताची यंत्रं मेरिनोसाठी बनलेली, आपला राठ तंतू त्यांना चालत नाही. आता बाजारात ब्लँकेट पानिपतचं येतं, त्यातलं कितीतरी परदेशातल्या जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून केलेलं. आपली ताजी लोकर बांधावर, आणि अंगावर परदेशातली चिंधी!

चराईचंही आहेच. पेंच १९७५ला राष्ट्रीय उद्यान झालं, १९९९ला व्याघ्र प्रकल्प. आतली चराई बंद. वाघ वाचायलाच हवा, पण मेंढपाळाने जायचं कुठे, याचं घोंगडं अजून भिजतंच आहे.

राज्याचं मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८चं. आज त्याला अहिल्यादेवींचं नाव आहे. त्याचं एक प्रक्षेत्र शेजारच्या रामटेक तालुक्यात, बोंद्रीला आहे. तिथे हंगामात लोकर वजनावर खरेदी करायला, आणि बचत गटाच्या बायांना पिंजण-चरखा शिकवायला काय अडचण आहे? राठ लोकरीचे नमदे, आसनं, झाडांच्या मुळाशी घालायचं आच्छादन, काहीही होतं. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे.

कोणाच्या माळ्यावर जुनी धनुकली, चरखा किंवा घोंगडी असेल तर फोटो खाली टाका. गावाचं नावही लिहा.