दिवस गेले, दिन चढ़े

मराठीत बाईला ‘दिवस जातात’. आमच्या घरच्या उर्दूत तिला ‘दिन चढ़ते हैं’. एका भाषेत दिवस गेले, दुसरीत चढले, पण हिशेब दोन्हीकडे दिवसांचाच. दोन्ही भाषा शिकवते म्हणून ही जोडी मला फार आवडते, फक्त वर्गात सांगता येत नाही. पाळी चुकली, याहून जुनी आणि भरवशाची खूण बायकांकडे नव्हती. मळमळ, छाती दुखरी होणं, सारखी लघवी लागणं, विनाकारण थकवा, या खुणा बहुधा त्यानंतर येतात आणि त्यातली प्रत्येक दुसऱ्या कारणानेही येऊ शकते.

इद्दतचा हिशेबही याच खुणेवर उभा आहे. सूरह बकराहच्या २२८व्या आयतीत तलाक झालेल्या बाईसाठी तीन पाळ्यांची मुदत आहे. (हनफी पाळ्या मोजतात, कोकणातले आमचे शाफई दोन पाळ्यांमधले शुद्धीचे काळ. तो वाद इथे नको.) अल्लाहने पोटात जे निर्माण केलं ते बायकांनी लपवू नये, असंही त्याच आयतीत आहे. आणि गरोदर बाईची इद्दत बाळंतपणापर्यंत. इद्दत म्हटलं की लोकांना फक्त बंधन दिसतं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पोटात काय आहे हे बाईलाच ठाऊक, तेव्हा विचारायचं तिला, हे तिथे गृहीत धरलेलं आहे.

बाईच्या शब्दाऐवजी तिची लघवी तपासायची शास्त्रशुद्ध रीत सापडली बर्लिनमध्ये. १९२८च्या सुमारास आशहाइम आणि झोंडेक या दोन डॉक्टरांनी बाईची लघवी उंदरांच्या पिल्लांना टोचली आणि काही दिवसांनी त्यांची अंडाशयं तपासली. पुढे ससे आले, मग बेडूक. ज्या द्रव्यामुळे हे घडत होतं ते म्हणजे एचसीजी, गर्भ गर्भाशयात रुजला की तयार होणारं. आजचं कार्ड तेच शोधतं.

पण मधल्या काळात आणखी एक ‘चाचणी’ होती आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. संप्रेरकांच्या जास्त मात्रेच्या गोळ्या घ्यायच्या. काही दिवसांत रक्त गेलं तर पोटात काही नाही, नाही गेलं तर दिवस आहेत. म्हणजे गर्भ आहे की नाही हे कळण्यासाठी त्या गर्भालाच औषध पाजायचं! १९६७ साली ब्रिटनमध्ये डॉ. इझाबेल गाल यांनी या गोळ्या आणि बाळातली व्यंगं यांच्या संबंधाबद्दल सावध केलं. तरी ‘प्रायमोडॉस’ तिथल्या बाजारातून गेलं ते १९७८ साली. गोळ्यांनीच व्यंग होतं का, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. पण लघवीची तपासणी हाताशी असताना हा धोका पत्करायचाच कशाला, याला तेव्हाही उत्तर नव्हतं. ब्रिटनमधल्या चौकशी समितीने २०२० साली तेच म्हटलं: या गोळ्या १९६७ सालीच थांबवायला हव्या होत्या.

भारतात त्यांना ई.पी. फोर्ट म्हणत आणि इथे त्यांचा आणखी एक वापर रूढ झाला. ‘पाळी आणायची गोळी’ म्हणून बायका त्या गर्भ पाडायला घेत. त्याने गर्भ पडेलच असं नव्हतं. वाट पाहण्यात आठवडे मात्र जात. १९८२ साली सरकारने बंदी घातली, कंपन्या न्यायालयात गेल्या आणि बंदी अडकली. मेडिको फ्रेंड सर्कल, ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क आणि स्त्री-संघटना यांनी हा प्रश्न लावून धरला. औषधांच्या योग्य वापराबद्दल वर्षानुवर्षं लिहिणारे आपल्या पुण्याचे डॉ. अनंत फडके याच वर्तुळातले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जाहीर सुनावण्या झाल्या आणि १९८८ साली बंदी पक्की झाली. सहा वर्षं गेली.

त्या सहा वर्षांत मुसलमान बाईबद्दल देश काय बोलत होता? एप्रिल १९८५ मध्ये शाहबानोचा निकाल लागला, १९८६ साली पोटगी इद्दतच्या मुदतीशी बांधणारा कायदा आला. पुण्यात तर हमीद दलवाईंचं मुस्लिम सत्यशोधक मंडळ १९७० पासून होतं, त्यामुळे इथे वाद आणखी पेटलेला. तो वाद गरजेचा होता, मी मंडळाच्या बाजूची आहे. पण इद्दतवर बोलणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पुरुषांना तीन पाळ्यांचा अर्थ तोंडपाठ होता आणि पाळी चुकलेल्या बाईच्या हातात कुठली गोळी पडते आहे, हे त्यांच्या चर्चेत कुठेच नव्हतं.

आज कार्ड कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाचं सरकारी कार्ड असतं. पाळीची तारीख उलटल्यावर, सकाळच्या पहिल्या लघवीवर करावं. तेव्हा एचसीजी दाट असतं. दुसरी रेघ पुसट असली तरी ती ‘आहे’च. रेघ आली नाही आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याभराने पुन्हा. फार घाईने केलं तर खोटं ‘नाही’ येतं. आणि पोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर किंवा रक्तस्राव असेल तर कार्डाच्या नादी न लागता सरळ दवाखाना गाठावा, कारण गर्भ नळीत अडकलेला असू शकतो.

माझ्या विद्यार्थ्यांच्या आया अजून विचारतात, ‘टीचर, पाळी यायची कुठली गोळी आहे का?’ आधी कार्ड करा, एवढंच मी सांगते. त्यातल्या बहुतेकींना आठवडे कसे मोजतात हे माहीत नसतं. १९७१च्या गर्भपात कायद्यात वीस आठवड्यांची मर्यादा होती. २०२१ साली ती काही ठरावीक स्त्रियांसाठी चोवीस झाली. पण डॉक्टर हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे जिची पाळी नेमाने अठ्ठावीस दिवसांनी येते, तिची तारीख चुकते त्या सकाळीच हिशेबात चार आठवडे झालेले असतात.