त्याचं काय?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी एक छोटा प्रसंग आहे. पुन्हा उठलेला येशू पेत्राला त्याचं पुढचं काम नेमून देतो, त्याच्या वाट्याला काय येणार तेही सुचवतो. तेवढ्यात पेत्राला मागून दुसरा एक शिष्य येताना दिसतो आणि तो विचारतो, ह्याचं काय? येशू त्याला जवळजवळ गप्पच करतो. त्याच्याशी तुला काय करायचंय, तू माझ्यामागे ये, असा त्याच्या उत्तराचा आशय. ज्यांनी वर्गात कधी एखाद्या मुलाला उभं केलंय, त्यांना हा पेत्र चांगला ओळखीचा वाटेल. "बाई, पण त्यानेही गृहपाठ केला नाहीये!"

पौलाचं गलतीकरांना लिहिलेलं पत्र मात्र कोड्यात टाकतं. सहाव्या अध्यायात तो आधी एकमेकांची ओझी वाहायला सांगतो आणि दोन-तीन ओळींनंतर ज्याने त्याने आपला भार वाहावा असंही म्हणतो. आता ह्यातलं कुठलं धरायचं? मला हा प्रश्न थोडाफार उलगडला तो पंडिता रमाबाईंचं चरित्र वाचताना.

रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात, वाँटेज इथे, लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. वर्गात आम्ही एवढं सांगून पुढे जात असू. खरी गंमत नंतर आहे. सिस्टर जेराल्डीन ही त्यांची धर्ममाता. रमाबाई चेल्टनहॅमला मिस बील यांच्या कॉलेजात असताना, १८८५ मध्ये, पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना वाटलं, अशाने हिंदुस्थानात ह्या बाईंची पत जाईल. रमाबाईंनी कळवलं की माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी अशी हरकत घेतली नव्हती, मग तुम्ही कशी घेता? श्रद्धेच्या बाबतीतही त्यांचं म्हणणं असंच होतं. माझ्या सदसद्विवेकाचा जाब मला देवाला द्यायचाय, तो दुसऱ्या कुणाच्या हवाली करणार नाही. ही पत्रं १९७७ साली अ. भि. शहा यांनी संपादित करून पुस्तकरूपाने आणली. जेराल्डीनबाई मनाने वाईट नव्हत्या. जिवापाड माया होती, आणि मायेपोटीच त्या दुसऱ्याचा हिशेब स्वतः लिहू पाहत होत्या.

पण हाच प्रश्न पुढे रमाबाईंवर उलटला, तो आपल्या पुण्यात. ११ मार्च १८८९ ला मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन १८९० मध्ये पुण्याला आलं. इथे धर्माच्या बाबतीत कुणावर जबरदस्ती नाही, असा शब्द होता. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळात होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडं असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

चूक कुणाची? रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावलं नाही आणि आलेलीला हाकलणारही नाही. पटण्यासारखं आहे. तरी मला वाटतं, चौदा-पंधरा वर्षांची निराधार विधवा जिच्या हातचं अन्न खाते, तिच्या उघड्या दारालाही एक ओढ असतेच. पालकांची भीती निव्वळ सनातनीपणाची नव्हती. पण मुली घरी नेल्यावर त्यांच्या शिक्षणाचं पुढे काय, हा प्रश्न ओरड करणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःला विचारला?

एकाने विचारला. सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, आपल्या बाया कर्वे. त्यांचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं ते ह्याच गदारोळाच्या वर्षी, ११ मार्च १८९३ ला. कर्वे रमाबाईंवर तुटून पडले नाहीत. लोकांचा त्या संस्थेवरचा विश्वास उडालाय ना, मग दुसरी काढू या, असा त्यांचा सरळ विचार. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला आणि १९०० साली हिंगण्याला गेला. त्या वाटेने आज रोज हजारो गाड्या धावतात, असो.

रमाबाई तरी कुठे उत्तर देत बसल्या? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आई-वडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले होते. हे ओझं दुसऱ्याचं की आपलं, असा प्रश्न तिथे त्यांना पडला नसावा. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. शेती, शाळा, छापखाना, सगळं मुलींच्या हाती. त्याच छापखान्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवायला घेतलं.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. त्या कामाला लागलेल्याच राहिल्या. भाषांतर हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

केडगाव पुण्याहून दौंडच्या वाटेवर आहे. तुमच्यापैकी कुणी तिथला छापखाना पाहिला असेल तर जरूर लिहा, मला त्या बायकांच्या खिळे जुळवण्याबद्दल अजून वाचायचंय.