गिरणीचा खडखडाट आणि कामगाराचा कान

खानदेशच्या कापसाचा इतिहास भाव, गासड्या आणि भांडवल यांच्या आकड्यांत पुष्कळ लिहिला गेला आहे. त्या कापसाने घेतलेल्या कानांचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

आमच्या पाचोऱ्यात जीन-प्रेस उभे राहिले. जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव येथे कापडगिरण्या निघाल्या. साचेखात्यात धोटे आदळू लागले की शेजारच्याशी हातवाऱ्यांनीच बोलावे लागे. असा कामगार घरीही मोठ्याने बोले, आणि घरचे म्हणत, 'आबा तापट झाले.' आबा तापट झाले नव्हते, त्यांना ऐकू येत नव्हते.

हे दुखणे जुने आहे. इटालियन वैद्य रामाझिनी याच्या १७१३ च्या ग्रंथात तांबटांच्या बहिरेपणाची नोंद आहे. ग्लासगोच्या थॉमस बार याने १८८६ मध्ये बॉयलर बनविणारे १०० कामगार तपासले. निर्दोष कान त्यांपैकी एकाचाही निघाला नाही. तरी आपल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात शिसे व स्फुरद यांच्या विषबाधेला प्रथम स्थान मिळाले, आवाजाला ते पुष्कळ उशिरा मिळाले.

याचे कारण उघड आहे. बोट तुटले तर रक्त दिसते. कानाच्या आतल्या सूक्ष्म पेशी मरतात तेव्हा रक्त येत नाही, दुखतही नाही. आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच स्वर जातात. मग माणसाचा आवाज ऐकू येतो, पण भाव 'साठ' सांगितला की 'आठ' हे उमगत नाही. हळूहळू तो बाजार, सभा, लग्नकार्य टाळू लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमीअधिक ऐकू येत नाही. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दोन्ही कानांतील ६० डेसिबलची हानी ही पायरी धरली. पन्नासवर अडकलेला विणकर कागदोपत्री धडधाकटच ठरतो.

अनेक गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्याबरोबर पुरावाही गेला. नोकरीच्या पहिल्या दिवशी कान तपासलेलाच नसेल, तर साठीतल्या बहिरेपणाला 'वय झाले' असे म्हणणे मालकाला सोपे जाते. म्हणून आमचे मागणे एवढेच आहे : जिथे यंत्राचा खडखडाट आहे, तिथे कामावर घेताना आणि पुढे दरवर्षी कान तपासावा, व त्या तपासणीचा कागद कामगाराच्या हाती द्यावा.